एक जुलैला जन्मलेला संघ

मुलाचा जन्म कधीचा, असं कुठल्याही आईला विचारा. तारीख, वार, वेळ, त्या दिवशी पाऊस किती पडत होता, दवाखान्यात डबा कोण घेऊन आलं होतं, सगळं सांगेल. हाच प्रश्न मैदानावर विचारला की उत्तर यायला जरा वेळ लागतो. कारण तिथं आधी मनातल्या मनात ठरवावं लागतं, कुठलं वय सांगायचं? खरं, शाळेतलं, की खेळातलं?

जबलपूरला राइट टाउनच्या स्टेडियमवर किंवा रानीतालच्या क्रीडासंकुलात मुलांची निवड चाचणी असेल तेव्हा मैदानाकडे पाठ करून जरा पालकांकडे बघावं. ज्याच्या त्याच्या हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. आत जन्माचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार कार्ड, गुणपत्रिका. मुलानं सकाळी काय खाल्लं यापेक्षा बापाला चिंता या कागदांची. चार कागदांवर चार तारखा निघाल्या नाहीत म्हणजे मिळवली!

चिंता वाजवी आहे. मध्य प्रदेशच्या क्रिकेट संघटनेत जबलपूर हा एक विभाग. विभागाच्या संघातून राज्याचा संघ, तिथून पुढचं सगळं. इतर खेळांतही पहिली पायरी अशीच गावातली असते. रानीतालच्या तिरंदाजी अकादमीत शिकलेली मुस्कान किरार २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्यपदक घेऊन आली. त्यात रेल्वेचा खेळाडू कोटा आहे, कॉलेजप्रवेशाच्या राखीव जागा आहेत. चौदाव्या-पंधराव्या वर्षी संघाच्या यादीत नाव लागणं म्हणजे काय, हे मध्यमवर्गीय घराला सांगावं लागत नाही. आणि तिथंच मोह होतो.

वयाचा घोळ तसा खेळाच्याही आधीचा. आपल्या आजोबांच्या पिढीत किती जणांचे वाढदिवस एक जूनला असत, आठवून बघा. मूल शाळेत घालायला नेलं, मास्तरांनी जन्मतारीख विचारली, वडील म्हणाले, "मोठा पूर आला होता त्याच्या पुढच्या वर्षी." मास्तरांनी शाळा उघडण्याची तारीख टाकली, पोराला सहावं लागेल असं साल टाकलं आणि हजेरीपट बंद केला. महाराष्ट्रात ती तारीख एक जून, इकडे मध्य प्रदेशात एक जुलै. जबलपूरच्या जुन्या मराठी घरांत तर दोन्ही सापडतात. नागपुरात शाळेत गेलेले काका जूनचे, इथं शिकलेले धाकटे काका जुलैचे!

ती लबाडी नव्हती, सोय होती. लबाडी शिरली ती नोकरीच्या वाटेनं. वय दोन वर्षांनी कमी लावलं की निवृत्ती दोन वर्षं पुढं. हिशेब सरळ होता आणि त्याला कुणी पाप मानत नव्हतं. कागदोपत्री जन्मसालाचा वाद काय थराला जाऊ शकतो हे २०१२ साली सगळ्या देशानं पाहिलं. खुद्द लष्करप्रमुखांचं जन्मसाल १९५० की १९५१, हा प्रश्न सुप्रीम कोर्टाच्या दारात गेला होता.

आता शाळेच्या भरवशावर राहायचं कारण उरलेलं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मूल जन्मल्यापासून २१ दिवसांत नोंद करायची. एक वर्ष उलटून गेलं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्माचा दाखला हाच पुरावा धरायचं ठरलं आहे.

पण 'उशिरा केलेली नोंद' ही जी फट कायद्यानं गरीब, अडाणी माणसाच्या सोयीसाठी ठेवली, तिच्यातूनच खेळातली वयचोरी आत येते. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला, बरा खेळायला लागला की कुणीतरी हितचिंतक भेटतो. तो सांगतो, "दोन वर्षं कमी करून घ्या, सगळेच करतात." मग दुसऱ्याच गावी प्रतिज्ञापत्र होतं, नोंद होते, कोरा करकरीत दाखला हातात येतो. कधी कधी घाईत धाकट्या भावाचा विचार राहून जातो आणि कागदावर दोन सख्ख्या भावांमध्ये चार महिन्यांचं अंतर पडतं! शास्त्राला मंजूर नसलेला हा चमत्कार फॉर्म तपासणाऱ्या कारकुनाच्या मात्र लगेच ध्यानात येतो.

क्रिकेट मंडळाचा नियम वाचायला अगदी साधा आहे. मोसमाच्या १ सप्टेंबरला तुमचं वय किती, एवढाच प्रश्न. सोळा वर्षांखालच्या संघात खेळायचं तर त्या दिवशी सोळा पूर्ण झालेली नकोत. ३१ ऑगस्टला जन्मलेला आणि २ सप्टेंबरला जन्मलेला, दोन दिवसांच्या फरकानं एकाला पूर्ण वर्ष जास्त मिळतं. रेषा कुठंतरी ओढावीच लागते, कुणीतरी तिच्या पलीकडे राहणारच. ज्याचं नशीब पलीकडचं, त्या घरात मात्र "आमचं पोर दोनच दिवसांनी चुकलं" ही हळहळ वर्षभर पुरते.

ही रेषा आहे कोणासाठी? संघात पंधरा मुलं घेतली तर पंधरावा कोण यावर पालक, प्रशिक्षक, वर्तमानपत्र, सगळ्यांचं लक्ष असतं. सोळावा कोण, हे कुणीच विचारत नाही. खरी जन्मतारीख लावून आलेला, आवाजही न फुटलेला तो सोळावा मुलगा घरी जातो. त्याला सांगितलं जातं, "तू कमी पडलास." तो कमी पडलेला नसतो. त्याच्यासमोर चौदा वर्षांचं सर्टिफिकेट घेऊन सोळा वर्षांचा, ओठांवर मिसरूड फुटलेला गोलंदाज धावत आलेला असतो. त्या वयात दोन वर्षं म्हणजे काय, हे घरातल्या मुलांच्या जुन्या पँट बघितल्या तरी कळतं. शिवाय चेंडू टणक असतो. लागला तर कागदावरच्या वयाप्रमाणे लागत नाही.

ज्याचं वय चोरलं त्याचंही भलं होतंच असं नाही. लहान मुलांत तो मोठा असतो म्हणून धावा काढतो. अंगातल्या ताकदीवर निभावतं, म्हणून तंत्र शिकायची गरजच पडत नाही. एकोणिसाव्या वर्षापर्यंत बाकीची मुलं अंगानं त्याच्या बरोबरीला येतात, आणि मग कालचा चॅम्पियन एकदम सामान्य दिसायला लागतो. घरच्यांना वाटतं, पोराला नजर लागली!

राहुल द्रविड यांनी १ डिसेंबर २०१५ ला दिल्लीत पतौडी व्याख्यानात हाच विषय काढला होता. द्रविड यांचा जन्म इंदूरचा, मराठी घरातला. तेव्हा ते एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. त्यांचा रोख आकड्यांवर नव्हता. आई-वडील आणि गुरू मिळून खोटा दाखला करतात तेव्हा ते मूल आपल्याच माणसांकडून खोटं बोलायला शिकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, मंडळानं ठरवलं की एका खेळाडूनं एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक एकदाच खेळायचा. वर्षानुवर्षं 'एकोणीस वर्षांखाली' राहणाऱ्यांची थोडी अडचण झाली.

कागद खोटा निघू शकतो म्हणून हाडं तपासायची, ही कल्पनाही आता रुळली आहे. डाव्या हाताचा, पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा भाग असतो, वय वाढेल तसा तो भरत जातो आणि शेवटी जुळतो. तो किती जुळला यावरून हाडाचं वय काढतात. टॅनर आणि व्हाइटहाउस या ब्रिटिश शास्त्रज्ञांची ही पद्धत. तिची तिसरी सुधारित आवृत्ती आपल्या मंडळानं घेतली. सोळा वर्षांखालच्या मुलाचं हाडाचं वय १६.४ किंवा त्याखाली हवं, पंधरा वर्षांखालच्या मुलीचं १४.९ किंवा त्याखाली. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनंही २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचं एमआरआय सुरू केलं.

इथं मात्र थोडं थांबायला हवं. ही पद्धत मूळची डॉक्टरांची. कुणाची वाढ खुंटली आहे का, कुणाची फार भराभर होते आहे का, हे बघून उपचार करण्यासाठी ती निघाली. चोर पकडण्यासाठी नव्हे. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात वर्षाचा, कधी त्याहून जास्त फरक निसर्गतःच असतो. कुणी लवकर वाढतं, कुणी सावकाश. वर्गातल्या फोटोत बघा ना! तेव्हा ज्याचा दाखला महापालिकेचा, पहिल्या आठवड्यातला, शंभर टक्के खरा आहे, असाही मुलगा एक्स-रेमध्ये 'मोठा' निघू शकतो. त्याच्या आईनं कुणापुढं रडायचं? तारीख तिला ठाऊक आहे, यंत्राला नाही.

दुसरी गोम होती ती पुढच्या वर्षाच्या बेरजेची. एकदा तपासणी झाली की पुढच्या मोसमात पुन्हा एक्स-रे न काढता आधीच्या आकड्यात सरळ एक मिळवत. पहिल्या वर्षी १५.६ आलं, तर पुढच्या वर्षी १६.६, म्हणजे बाद. हाडं काही कॅलेंडर बघून वाढत नाहीत. २०२५ मध्ये मंडळानं अशा मुलांची पुढच्या मोसमात दुसऱ्यांदा तपासणी करायचं मान्य केलं. उशिरा का होईना, शहाणपणाची गोष्ट झाली.

शिक्षेचा भागही माहीत असलेला बरा. २०१९ मध्ये आयपीएलपर्यंत पोहोचलेल्या काश्मीरच्या एका तरुण गोलंदाजाला सदोष दाखल्यापायी दोन वर्षं बाहेर बसावं लागलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये मंडळानं एक माफीची योजना काढली. १५ सप्टेंबरपर्यंत स्वतःहून खरी तारीख सांगा, शिक्षा नाही, खऱ्या वयाच्या गटात खेळा. लपवलं आणि सापडलं तर दोन वर्षं बंदी. जन्म आणि नोंद यांत दोन वर्षांहून जास्त अंतर असेल तर एकोणीस वर्षांखालच्या गटात किती वर्षं खेळायचं यावरही बंधन आलं. उशिराच्या नोंदीची ती फट अशी थोडी बुजवली. सरकारची वयचोरीविरुद्धची संहिता २०१० ची. २०२५ च्या मार्चमध्ये नव्या संहितेचा मसुदा लोकांसमोर ठेवला गेला. त्यात पहिल्या वेळी दोन वर्षं बंदी आणि दुसऱ्यांदा सापडल्यास कायमची बंदी व पोलिसात गुन्हा, अशी तरतूद होती.

२०२० च्या त्या माफीत एक गोष्ट बसत नव्हती, रहिवासाची खोटी कागदपत्रं. जबलपूरच्या कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. हे गाव बदलीवाल्यांचं. तोफगाडा कारखाना, खमरिया, व्हेइकल फॅक्टरी, रेल्वे, लष्कर. मुलगा जन्मला आजोळी नागपुरात, शाळा खमरियात, आणि वडिलांची बदली पुन्हा अंबाझरीला. मग तो कोणाचा? एकट्या महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन संघटना: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. वडिलांची नोकरी, शाळा, राहतं घर यांचे खरे पुरावे असतील तर नियमात वाट निघते. जुन्या संघटनेचं ना-हरकत पत्र घ्यायचं आणि एका मोसमात एकाच संघाकडून खेळायचं. पण इथं निवड होईना म्हणून मावशीच्या पत्त्यावर रेशनकार्ड दाखवायचं, याला वाट म्हणत नाहीत.

गावाशी नातं किती घट्ट असावं हे आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये बघावं. तिथं आपल्या गावच्या क्लबातून खेळायचं आणि क्लबाच्या कौंटीचा रंग अंगावर घालायचा. पगार नाही, लिलाव नाही. त्यांच्याकडे एक मजेदार गोष्ट आहे. तिथं 'ज्युनियर' म्हणजे वयानं लहान नव्हे. तो दर्जा आहे, सीनियर आणि इंटरमीडिएटच्या खालची पायरी. लहान वयाच्या गटाला 'मायनर' म्हणतात. त्यामुळे दोन पोरांचा बापही कौंटीच्या ज्युनियर संघात राजरोस खेळू शकतो. आपल्याकडे हीच पद्धत बेकायदा चालू आहे, एवढाच फरक.

घरात खेळणारं मूल असेल तर आज संध्याकाळीच कपाटातले कागद काढून एका ओळीत मांडा. महापालिकेचा दाखला, शाळेचं रजिस्टर, आधार, पासपोर्ट. आधार कार्डावर विसंबू नका. ते जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये म्हटलं आहे. दाखल्यात बाळाचं नावच नसेल, नुसतं 'मुलगा' असेल, तर ते जन्माच्या नोंदीनंतर पंधरा वर्षांपर्यंत भरून घेता येतं, उशिराचं थोडं शुल्क पडतं. शाळेत चुकून एक जुलै पडली असेल तर महापालिकेच्या दाखल्यानिशी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. हे सगळं नववीत बोर्डाची नोंदणी व्हायच्या आत उरका. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा तारीख छापली गेली की ती बदलायला खेळाच्या मैदानापेक्षा कोर्टाच्या पायऱ्या जास्त चढाव्या लागतात.