हळू बोल गं, बाहेर माणसं बसलीत!

गेल्या महिन्यात माझ्या नणंदेची मुलगी आठ दिवस आमच्याकडे राहायला आली होती. सुट्टीसाठी नव्हे, मुलाखतीसाठी! तिच्या गावात लाईटचा भरवसा नाही, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखती घरबसल्या कॉम्प्युटरवर द्यायच्या होत्या.

मी आपली मराठी घेऊन बी.ए. झालेली. मुलाखत म्हणजे नाव, गाव, शिक्षण विचारतात आणि 'कळवतो' म्हणतात, एवढंच मला ठाऊक. इथला प्रकारच निराळा. आधी ऑनलाईन परीक्षा. त्यात निभावलं की एकामागून एक चार-पाच फेऱ्या, प्रत्येक साधारण पाऊण तासाची. समजा, कंसांची एक लांबलचक रांग दिली. उघडलेला प्रत्येक कंस योग्य जागी बंद झालाय का, हे तपासणारा प्रोग्राम लिहायचा. तिने मला ते ताटांवरून समजावलं. "मामी, घासून रचलेल्या ताटांतलं शेवटी ठेवलेलं आपण आधी उचलतो ना? तसंच शेवटी उघडलेला कंस आधी बंद व्हायला हवा." मला चक्क कळलं!

पण नुसतं उत्तर देऊन भागत नाही. मनात चाललेला विचार मोठ्याने बोलून दाखवायचा. ही वाट का धरली, ती का सोडली, कुठे अडलं, सगळं. शिवाय एक फेरी स्वभावाची. सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत, चूक झाली तेव्हा काय केलंत, असे प्रश्न.

दोन फेऱ्या छान गेल्या. तिसरीनंतर पोर रडतच बाहेर आली. "मामी, येत होतं गं मला. पण तो नुसता बघत बसला आणि माझं तोंडच उघडेना." नंतर तोच प्रश्न तिने स्वयंपाकघरात बसून दहा मिनिटांत सोडवला. आठवड्याने नकार आला.

माझ्या मुलाने याविषयीची माहिती इंटरनेटवर शोधून दिली. २०२० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी परीक्षकासमोर फळ्यावर, मोठ्याने बोलत प्रश्न सोडवला. बाकीच्यांनी खोलीत एकट्याने. कुणी बघत असताना कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. परीक्षकासमोर एकाही मुलीला उत्तर आलं नाही, एकांतात मात्र सगळ्या मुलींना आलं! मुली मोजक्याच होत्या, त्यामुळे यावरून मोठा नियम काढता येणार नाही. तरी वाचून मी गप्प झाले.

कारण मला पहिला दिवस आठवला. ती आतल्या खोलीत मोठ्याने बोलत सराव करत होती आणि मीच म्हणाले होते, "हळू बोल गं, बाहेर माणसं बसलीत."

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती वेळा म्हणतो? मुलगी शिकावी म्हणून कर्ज काढतो, पण तिचा आवाज उंबऱ्याच्या आतच राहावा असं बघतो. आणि एके दिवशी अनोळखी माणसापुढे तिने घडाघडा बोलावं अशी अपेक्षा करतो. ते जमायचं कसं?

कंपन्यांनीही विचार करायला हवा. उमेदवाराला आधी एकट्याने प्रश्न सोडवू द्यावा, मग त्यावर चर्चा करावी. पद्धत बदलता येते. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये, मुलाखतीतली डोकं खाणारी कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय आहे, असं जाहीरपणे मान्य केलंच होतं.

पण कंपन्या बदलेपर्यंत आपण हात बांधून का बसायचं? आमच्या बचत गटाच्या खोलीत आता दर शनिवारी कॉलेजच्या चार-पाच मुली येतात. एकीने फळ्यापाशी उभं राहून प्रश्न सोडवायचा, आम्ही बायकांनी समोर बसून बघायचं. आम्हाला त्यातलं फारसं कळत नाही, पण तोच तर फायदा! आमची मान डोलेपर्यंत तिला समजावत राहावं लागतं. पहिल्या शनिवारी एकीचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतही पोचत नव्हता. आता रस्त्यावर ऐकू जातो.

बऱ्याच कंपन्यांत काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो. भाची पुन्हा येणार आहे, आमच्याकडेच. या वेळी बाहेर माणसं बसली असतील, तर मी त्यांनाच सांगणार आहे, "जरा हळू बोला, आत मुलगी विचार करतेय!"