अश्वगंधा : औषध की ‘सप्लिमेंट’?

निद्रानाश, चित्तोद्वेग, उदासीनता या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी कित्येक जण हल्ली चिकित्सालयात येण्यापूर्वीच अश्वगंधा सुरू करून आलेले असतात. कोणी जाहिरात पाहून, कोणी नातेवाइकांच्या सांगण्यावरून, तर कोणी व्यायामशाळेतील मित्राच्या सल्ल्याने. आपल्या शास्त्रातील एका वनस्पतीला एवढी लोकमान्यता लाभली, याचा आनंद प्रत्येक वैद्याला होणे स्वाभाविक आहे. परंतु या लोकमान्यतेबरोबर आलेली जबाबदारी आपण, म्हणजे वैद्य आणि औषधविक्रेते, पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

प्रथम गुणांविषयी. चरकाचार्यांनी अश्वगंधेची गणना बल्य आणि बृंहणीय या दोन्ही महाकषायांत केली आहे. वातप्रधान, कृश, श्रमाने क्षीण झालेल्या रुग्णाला दुधाबरोबर दिलेले तिचे मूलचूर्ण काय करते, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. आधुनिक चाचण्याही प्रतिकूल नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ६४ तणावग्रस्त व्यक्तींना मुळाचा अर्क ३०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला असता तणावाची लक्षणे कमी झालेली आढळली. निद्रेविषयीच्या पाच चाचण्यांतील एकूण ४०० व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात परिणाम अल्प, पण निश्चित दिसला. ‘अल्प’ हा शब्द आपण जाहिरातीतून गाळतो. तो गाळू नये. शिवाय या चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या. वर्षानुवर्षे रोज अश्वगंधा घेणाऱ्या व्यक्तीविषयी त्या काहीही सांगत नाहीत.

आता दुसरी बाजू. जे द्रव्य शरीरावर कार्य करते, ते अयोग्य ठिकाणी अपायही करू शकते. हा आपल्याच शास्त्राचा सिद्धांत आहे. २०२० साली आइसलँड व अमेरिकेतील पाच रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अश्वगंधा सुरू केल्यानंतर २ ते १२ आठवड्यांत त्यांना कामला व कंडू ही लक्षणे दिसली आणि ती बंद केल्यावर काही महिन्यांत यकृत पूर्ववत झाले. २०२३ साली भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले. ज्यांना आधीपासून यकृतविकार होता, त्यांची अवस्था अधिक गंभीर झाली. त्याच वर्षी डेन्मार्कने अश्वगंधायुक्त पूरकांवर बंदी घातली. त्या निर्णयामागील अहवालात मूळ व वनस्पतीचे इतर भाग यांत पुरेसा भेद केलेला नाही, हा आपल्याकडून घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे. असंख्य लोक अश्वगंधा घेतात, त्या मानाने हे अपाय विरळ आहेत, हेही खरे. तथापि, ‘हा परकीयांचा पूर्वग्रह’ एवढे म्हणून विषय संपत नाही. विरळ अपाय ज्याला होतो, त्याच्यासाठी तो विरळ नसतो.

थायरॉइडचे उदाहरण तर आपल्या रोजच्या व्यवसायातले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थायरॉइडची सौम्य न्यूनता असलेल्या ५० रुग्णांपैकी निम्म्यांना ६०० मि.ग्रॅ. मूल-अर्क आठ आठवडे दिला असता टी-३ व टी-४ वाढले, टीएसएच उतरले. काही रुग्णांत हा परिणाम उपकारक ठरेल. पण थायरॉक्सिनची गोळी नियमित घेणाऱ्या व्यक्तीने गुपचूप अश्वगंधा जोडली, तर? छातीत धडधड, कंप, अस्वस्थता सुरू होईल आणि झोपही उडेल. मग ‘मन शांत व्हावे’ म्हणून ती व्यक्ती मात्रा वाढवील.

मूळ व पान यांतील भेद औषधविक्रेत्यांनी विशेष लक्षात घ्यावा. ग्रंथोक्त प्रयोग मुळाचा आहे आणि आयुर्वेदीय फार्माकोपियातील ३ ते ६ ग्रॅम ही मात्राही मूलचूर्णाचीच आहे. पाने स्वस्त पडतात, त्यांत विथाफेरिन-ए चे प्रमाण अधिक असते, म्हणून अर्कात ती मिसळण्याचा मोह होतो. २०२१ साली आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानांचा वापर टाळण्याची सूचना दिली ती याचसाठी. तसेच ५०० मि.ग्रॅ. चूर्णाची कॅप्सूल आणि ५०० मि.ग्रॅ. अर्काची कॅप्सूल या दोन सर्वस्वी भिन्न वस्तू आहेत. ग्राहकाला दोन्ही डब्यांवर केवळ ‘अश्वगंधा ५००’ एवढेच दिसते.

यात कायद्याची एक विसंगतीही आहे. एकाच फळीवर आयुष परवान्याखालील औषध आणि अन्न परवान्याखालील पूरक शेजारी-शेजारी मांडलेले असते. दुसऱ्याच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापलेले असते. ग्राहक मात्र ते झोपेसाठीच मागतो आणि विक्रेताही झोपेसाठीच देतो. छापील वाक्य एक आणि व्यवहार दुसरा, ही स्थिती कोणाच्याच हिताची नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न निदानाचा. झोप न येणे हे लक्षण आहे. चरकाचार्यांनी निद्रानाशाच्या कारणांत कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू यांचा निर्देश केला आहे. रात्रपाळी करणारा कामगार, रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणारा विद्यार्थी, घोरताना श्वास अडकणारा स्थूल गृहस्थ आणि पतिवियोगाने खचलेली स्त्री यांना एकच कॅप्सूल कशी पुरेल? अश्वगंधा उष्णवीर्य व स्निग्ध आहे. साम अवस्थेत, मंदाग्नीत किंवा पित्तप्रकोपात ती देताना विचार करावाच लागतो. अभ्यंग, पादाभ्यंग, दूध, मनाला सुखकर वातावरण हे निद्रानाशावरील ग्रंथोक्त उपाय फळीवर मांडता येत नाहीत म्हणून विस्मृतीत जावेत, हे योग्य नव्हे. सत्त्वावजय हाही चिकित्सेचाच प्रकार आहे आणि त्यासाठी रुग्णाचे पंधरा मिनिटे ऐकून घ्यावे लागते. ज्याच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची भाषा येते, त्याला विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे हे आपले कर्तव्य आहे. त्याची चालू असलेली औषधे एकाएकी बंद करायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तेव्हा विक्रेत्या बंधुभगिनींना विनंती अशी की, अश्वगंधा देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, झोप किंवा मनोविकार यांपैकी कशाची औषधे चालू आहेत का? पूर्वी कावीळ वा यकृतविकार झाला होता का? गर्भारपण आहे किंवा तशी शक्यता आहे का? आणि किती दिवसांपासून घेत आहात? यांपैकी एकाही उत्तराने शंका आली, तर ग्राहकाला वैद्याकडे पाठवावे. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली वा अंगाला खाज सुटली, तर अश्वगंधा तत्काळ थांबवून तपासणी करावी, हेही सांगावे. ‘आम्ही विचारत बसलो, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल,’ असे काही जण म्हणतील. एखादे जाईलही. पण जो विक्रेता विचारतो, त्याच्याकडे घरातील इतर माणसे विश्वासाने येतात, हेही आपण पाहतोच.

वैद्यांनीही मोघम ‘चालू ठेवा’ असे म्हणू नये. प्रयोजन, मात्रा, अनुपान आणि अवधी लिहून द्यावा. सहा ते आठ आठवड्यांनी रुग्णाला पुन्हा पाहावे. उपयोग दिसत नसेल, तर थांबवावे. अपायाची शंका आल्यास ती आयुष औषधांच्या फार्माकोव्हिजिलन्स केंद्राकडे कळवावी. अशी नोंद केल्याने शास्त्राची बदनामी होते, हा समज सोडून दिला पाहिजे. आपण नोंद केली नाही, तर ती दुसरे कोणी करील आणि तिचा अर्थही तेच लावतील.

संघटनेच्या प्रत्येक शाखेने आगामी सभेत हा विषय घ्यावा आणि वरील चार प्रश्न सोप्या मराठीत छापून सभासदांच्या चिकित्सालयांत व दुकानांत लावावेत, अशी सूचना करावीशी वाटते. अश्वगंधेला आपण औषध म्हणत असू, तर तिला औषधासारखेच वागवले पाहिजे.