पालावरचा स्टो आणि लष्करी भांडी

ज्येष्ठ लागला की घराघरांत वारीची बांधाबांध सुरू होते. मोठ्या दिंडीत जेवणाची सोय असते. पण चार घरची माणसे मिळून टेम्पो करून निघाली, की भांडी आणि स्टो आपणच जमवावे लागतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटरची वाट, रोज नवा मुक्काम. अशा वेळी जुन्या बाजारात लष्कराच्या मोडीतला माल दिसतो. तो टिकाऊ असतो, पण पारखून घ्यावा.

जवानाच्या जेवणाचे चौकोनी डबे एकात एक बसतात, दांडी दुमडते, जागा कमी लागते. ते बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. बारीक छिद्र आहे का, हे पाणी भरून पाहा. दांडीचा रिव्हेट हलत असेल तर घेऊ नका; उकळता चहा पायावर सांडेल. आमटी, ताक, चिंचेचे सार यांत रात्रभर ठेवू नका. आंबटाने धातू झिजतो. त्यासाठी स्टीलचा डबा न्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत तर आंबट पदार्थ मुळीच करू नका; जस्त उतरून उलट्या होतात. पेट्रोलचा कॅन किंवा रंग दिलेला डबा कितीही घासला, तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये.

आता स्टो. बिनवातीचा पंपाचा स्टो स्वीडनमध्ये 1892 साली निघाला. पंपाने हवा भरली की रॉकेल वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती निळ्या ज्योतीने जळते. जुना स्टो घेताना रिकाम्या टाकीत हवा भरून सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर तो स्टो तिथेच सोडा. पंप ढिला लागला तर वायसर बदलून घ्या, जवळ पिन ठेवा.

लष्करी मालात पेट्रोलवर चालणारे स्टोही असतात. दुकानदाराला आधी विचारा, हा कशावर चालतो? रॉकेलच्या स्टोत पेट्रोल घातले तर भडका उडेल. रॉकेलही आता पूर्वीसारखे मिळत नाही. ते वाटेत मिळणार नसेल, तर स्टो स्वस्तात मिळून काय उपयोग? त्यापेक्षा अधिकृत वितरकाकडची 5 किलोची छोटी गॅसटाकी बरी.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगते. पाऊस लागला की आपण पालाला चहूबाजूंनी प्लॅस्टिक लावतो आणि स्टो आत घेतो. तसे करू नका. कोंडलेल्या जागी जाळ नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. शेगडीतल्या निखाऱ्यांचेही तेच. म्हणून स्वयंपाक पालाबाहेर, वर आडोसा आणि बाजू मोकळ्या ठेवून करा. स्टो पेटता असताना रॉकेल ओतू नका. विझवून, गार होऊ द्या. पदर खोचून घ्या, लेकरांना लांब बसवा.

निघण्याआधी एकदा अंगणात याच भांड्यांत, याच स्टोवर पिठले-भात करून पाहा. काय कमी पडते ते घरीच कळेल. माउलींच्या वाटेवर सुखाने जा आणि सगळे सुखरूप परत या.