चार बोटे

चाळीसगावच्या आमच्या घरी खुंटीवर आजोबांची ठासणीची बंदूक असे. १८२५ साली औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली, त्या काळी इकडे तोड्याच्या बंदुका चालत. पावसाने जामगी विझली की बार गेलाच! पुढे ठोक्याने पेटणारी टोपी आली. दिवाळीतली आपली टिकली तिच्याच जातीची. म्हणून एका पाडव्याला आम्ही बहाद्दरांनी टोपीच्या जागी टिकली बसवली.

“थांब रे गाढवा!” आजोबा ओरडले. त्यांनी नळीत गज सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. चार बोटे कमी भरला. आत दारू नि गोळी, कोण जाणे किती वर्षांची! कोरडी राहिलेली दारू मरत नाही, वाचकहो.

नळीसमोर माझी धाकटी बहीण उभी होती.