शौर्याची मोजपट्टी

सेनापतीचे शौर्य छातीवरील पदकांवरून मोजण्याची भांडवलदारी वृत्तपत्रांची रीत आहे. फ्रान्सचे जनरल बोलार्दियेर यांच्या बाबतीत मात्र तिची पंचाईत होते. नाझींविरुद्ध लढून त्यांनी पदकांची रास मिळविली होती. जानेवारी १९५७ मध्ये अल्जीयर्सचे पोलिसी अधिकार जनरल मास्यूच्या छत्रीधारी दलाकडे सोपविण्यात आले आणि कैद्यांना विजेचे झटके देणे हा नित्याचा कारभार झाला. हातपाय बांधलेल्या देशभक्तावर सशस्त्र शिपाई सोडण्यात शौर्य ते कोणते? बोलार्दियेर यांनी मार्चमध्ये पदमुक्त करण्याची मागणी केली व छळाचा जाहीर निषेध केला. त्याबद्दल त्यांना ६० दिवसांची किल्ल्यातील कैद मिळाली. बाकीचे बहुतेक सेनानी गप्प राहिले. रणांगणावर ते भित्रे नव्हते. भीती होती ती बढती हुकण्याची!

त्याच जूनमध्ये तरुण कम्युनिस्ट गणितज्ञ मॉरिस ओदँ यांना छत्रीधारी सैनिकांनी पकडून नेले. ते परतलेच नाहीत. त्यांच्या मृत्यूची जबाबदारी फ्रेंच राज्यसंस्थेने कबूल केली ती २०१८ साली. १९६१ मध्ये प्रजासत्ताकाविरुद्ध बंड करणाऱ्या सेनापतींपैकी हयात असलेल्यांना मात्र त्यांचा लष्करी दर्जा १९८२ मध्येच परत मिळाला होता.