नोटीस लागली होती म्हणे!

भाचीने एका सरकारी भरतीचा अर्ज भरला होता. कागदपत्रांत त्रुटी असलेल्या उमेदवारांची यादी कार्यालयाच्या वेबसाइटवर लागली, दुरुस्तीला सात दिवस. पोरगी एरवी रोज बघायची, पण नेमकं त्याच आठवड्यात घरात लग्न. आठव्या दिवशी साइट उघडली तर मुदत संपलेली. फोन केला, तर उत्तर काय? "वेबसाइट बघत राहायची ना!"

म्हणजे हजारो पोरांनी रोज सकाळी उठून ती साइट उघडायची, सरकत्या पट्टीतून आपल्या कामाचं शोधायचं. लाल अक्षरात लुकलुकणारं 'नवीन' तर दोन वर्षांपूर्वीच्या नोटिशीपुढेही लुकलुकतंय.

यावर इलाज आहे आणि तो पंचवीस वर्षांहून जुना आहे. आरएसएस फीड. (नाव ऐकून बाह्या सरसावू नका, संघाचा इथे काही संबंध नाही.) १९९९ मध्ये नेटस्केपने आणलेली साधी पद्धत. साइटवर नवीन काही चढलं की त्याचं शीर्षक, तारीख आणि लिंक एका छोट्या फाइलमध्ये येते. तुमच्या फोनमधलं फीड रीडर अ‍ॅप ती फाइल अधूनमधून तपासतं आणि नवीन आलेलं तुमच्यापुढे ठेवतं. दहा साइट असोत की पन्नास, सगळं एका ठिकाणी. त्या साइटला आपला मोबाइल नंबर द्यावा लागत नाही. तुम्हाला काय दाखवायचं हे कुठला अल्गोरिदम ठरवत नाही.

१ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं आणि लोकांना वाटलं, फीडच संपलं. अहो, बंद झाली ती गूगलची सेवा. तुम्ही ऐकता ते बहुतेक पॉडकास्ट आजही फीडवरच चालतात.

सरकारी यंत्रणेला हे जमत नाही असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर प्रसिद्धीपत्रकांची, अधिसूचनांची फीड आहेत. पीआयबीचीही आहेत. मग भरती, निविदा, हरकती-सूचना काढणाऱ्या कार्यालयांना काय अडचण आहे? ही पोकळी आज टेलिग्राम ग्रुप आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अर्धवट पीडीएफ भरून काढतात. त्यातली खरी कुठली, खोटी कुठली, देव जाणे.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी कार्यालयाबाहेरचा फलक हवाच, तो काढायचं कारण नाही. आणि फीड दिलं तरी नोटिशीचं शीर्षक 'स्कॅन००४' असेल तर उपयोग शून्य.

माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४(२) सांगतं की माहिती लोकांना मागावी लागू नये, कार्यालयाने ती ठरावीक काळाने, इंटरनेटसह विविध मार्गांनी स्वतःहून पुरवावी. त्याचाच आधार घेऊन सोमवारी त्या कार्यालयात अर्ज देतोय: फीड सुरू करा, शीर्षकं मराठीत लिहा. भाचीची संधी गेली ती गेलीच. अर्जाचा मजकूर हवा असेल तर मेसेज करा, आपापल्या कार्यालयाचं नाव घालून तुम्हीही द्या.