फॉर्ममध्ये गरजेचा रकाना कुठे आहे?

ॲडमिशनचे दिवस आले की ऑफिससमोर दोन रांगा लागतात. एक फी भरणाऱ्यांची, दुसरी फी-सवलतीचा अर्ज घेऊन आलेल्यांची. मी दुसऱ्या रांगेत तीन वर्षं उभी राहिलेय, त्यामुळे या विषयावर चार शब्द लिहायला हरकत नसावी.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मदत कुणाला द्यायची हे ठरवताना आपल्याकडे विद्यार्थी कुठला, कुठल्या प्रवर्गातला, किती टक्क्यांचा, वडिलांचं उत्पन्न किती, हे सगळं विचारतात. पण हे वर्ष पूर्ण करायला त्याला नेमके किती रुपये कमी पडतायत, हे कुठल्याच फॉर्ममध्ये विचारत नाहीत. सरकारी योजना आपण बदलू शकत नाही. कॉलेजच्या स्वतःच्या मदतनिधीचा फॉर्म मात्र बदलता येतो.

मी सौंसरची. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या मध्य प्रांतातले विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन मराठी तालुके त्याच्यासोबत तिकडेच राहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात आम्ही मराठी बोलतो, पोळा करतो, गोटमारीच्या दिवशी जाम नदीकडे कुणी जाऊ नये म्हणून आया ओरडतात आणि तरी सगळे जातात. दवाखाना, लग्नाची खरेदी, कॉलेज, सगळं नागपूरला. भोपाळ आमच्यासाठी फक्त दाखल्यांवरच्या शिक्क्यात असतं.

आता हा मुलगा किंवा मुलगी नागपूरला शिकायला आली की काय होतं बघा. महाराष्ट्राच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांना महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो. तो आमच्याकडे नाही, असायचं कारणही नाही. मग आपल्या राज्याकडे वळावं, तर तिथली अडचण वेगळी. मध्य प्रदेशात 2017 पासून मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे. राज्य मंडळाच्या बारावीत 70 टक्के किंवा सीबीएसईत 85 टक्के मिळाले आणि उत्पन्नाची अट पाळली, तर सरकार फी भरतं. चांगली योजना आहे, आमच्या गल्लीतल्या दोघांना तिचा फायदा झालाय. पण नागपूरच्या कॉलेजात मराठी किंवा इंग्रजी साहित्य घेऊन बीए करणाऱ्याला ती लागू होत नाही. 'गाव की बेटी' योजनेत खेड्यात राहणाऱ्या आणि बारावीला पहिला वर्ग मिळवणाऱ्या मुलीला महिन्याला 500 रुपये, वर्षातले 10 महिने मिळतात. शहरातल्या मुलीसाठी 'प्रतिभा किरण' आहे, तिथे मात्र बीपीएल कार्ड लागतं. म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीच्या अलीकडे घर की पलीकडे, यावर कुठली योजना ते ठरतं.

माझी एक मैत्रीण या 500 रुपयांसाठी तिकडेच थांबली. तिला नागपूरला येऊन मराठी शिकायचं होतं. 500 रुपयांत कुणाचं काय अडतं असं वाटेल, पण तिच्या घरी तो बसच्या पासचा आणि वह्यांचा हिशेब होता. तिनं विषय बदलला. कुणी तिला नाही म्हटलं नव्हतं. फॉर्मच तसे होते.

इथे एक तुलना सुचते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातली 865 गावं आपण सगळ्यांनी ऐकलीयत. तिथल्या मराठी मुलांना महाराष्ट्र सरकार प्रवेशात आणि काही सवलतींत आपलं मानतं. ते योग्यच आहे. पण पांढुर्णा-सौंसरवर महाराष्ट्रानं असा दावा सांगितलेला नाही, म्हणून तिथलं मराठी मूल सरळ परराज्यातलं. मला कुठलं आंदोलन सुरू करायचं नाही. एवढंच दिसतं की दोघांची भाषा तीच आणि अडचणही तीच, पण एकाच्या गावाचं नाव यादीत आहे आणि दुसऱ्याच्या नाही.

प्रवर्गाचंही असंच. आधी स्पष्ट सांगते, जातीवर आधारलेली शिष्यवृत्ती ही मेहेरबानी नाही. शेकडो वर्षं ज्यांना शाळेच्या दारात उभं राहू दिलं नाही, त्यांचं ते देणं आहे आणि ते उत्पन्नाच्या एका आकड्यात मोजता येत नाही. अडचण येते ती सीमा ओलांडली की. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार असतात. 1990 मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एका राज्यातला हा दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही. तो खटला मुंबईच्या मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशाचाच होता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ज्या राज्याचा विद्यार्थी त्याच राज्यानं द्यायची असते, म्हणून नागपूरला शिकणाऱ्या पांढुर्ण्याच्या मुलाची कागदपत्रं दोन राज्यांच्या मध्ये फिरत राहतात. इथलं ऑफिस म्हणतं तिकडे विचारा, तिकडचं म्हणतं कॉलेजकडून आणा.

आमच्या ख्रिस्ती मुलांचा आणखी एक गुंता आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. एकाच वस्तीतली, एकाच आजोबांची दोन नातवंडं, एक विहारात जाणारं आणि एक चर्चमध्ये जाणारं, यांच्यासाठी फॉर्म वेगळे. ख्रिस्ती मुलासाठी अल्पसंख्याकांची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती होती. ती 2007-08 मध्ये सुरू झाली तेव्हा पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 2 लाख होती, आणि पंधरा वर्षांनीही ती 2 लाखच राहिली. या काळात तेल, गॅस, बसभाडं कुठे गेलं ते घरी विचारा. शिवाय तिचे आकडे राज्यातल्या त्या समाजाच्या लोकसंख्येप्रमाणे वाटलेले. म्हणजे तुम्ही किती अडचणीत आहात याआधी तुमच्या राज्यात तुमच्यासारखे किती आहेत हे मोजायचं.

आता उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल. तो सगळ्यांना फार भरवशाचा कागद वाटतो. माझे वडील कंपनीत शिफ्टला जातात. पगाराची स्लिप असते, त्यामुळे आमचा आकडा रुपयापर्यंत खरा. ज्या वर्षी त्यांनी ओव्हरटाइम केला, त्या वर्षी एका योजनेच्या मर्यादेपेक्षा आम्ही चार हजारांनी वर गेलो आणि पूर्ण मदत गेली. चार हजार जास्त कमावले म्हणून त्याच्या कितीतरी पट गमावले. याला उंबरठा म्हणतात, पण माझ्या घरासाठी तो कडा होता.

वर्गात संत्र्याच्या बागेवाल्यांची मुलंही आहेत. त्यांचं उलट. आंबिया बहार चांगला आला आणि भाव मिळाला की कागदावर घर श्रीमंत. पुढच्या वर्षी फळगळ झाली की हातात काहीच नाही, पण दाखला गेल्या वर्षीचा. बाग व्यापाऱ्याला आधीच देऊन टाकलेली असते, त्या पैशातून आधी औषधवाल्याची उधारी जाते. जमीन किती एकर ते दाखल्यावर दिसतं, कर्ज किती ते दिसत नाही. एकाच आकड्यात पगारदार, बागवाला आणि मजूर तिघांना बसवलं की कुणावर तरी अन्याय होतोच.

मग करायचं काय? हा प्रश्न जगात सगळीकडे आहे. अमेरिकेत कॉलेजला जाणारा विद्यार्थी 'फाफ्सा' नावाचा एक फॉर्म भरतो. त्यातून एक आकडा निघतो. आधी त्याला 'कुटुंबाकडून अपेक्षित रक्कम' म्हणायचे, 2024-25 पासून त्याचं नाव 'स्टुडंट एड इंडेक्स' झालं. कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास सगळं धरून, त्यातून हा आकडा वजा करायचा. उरते ती गरज. ती पद्धतही काही स्वर्गातून उतरलेली नाही. त्याच वर्षी घरच्या शेतीची किंमतही मालमत्तेत धरायला सुरुवात झाली आणि ज्यांची जमीन मोठी पण हातात पैसा नाही असे शेतकरी ओरडले. 2025 च्या कायद्यानं ती सूट परत दिली. काटोल-पांढुर्ण्याच्या कुठल्याही बागवाल्यानं त्यांना हे फुकटात सांगितलं असतं! पण त्या पद्धतीतल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, वजाबाकी. दोन, घरी कुणाची नोकरी गेली, आजारपण आलं, तर कॉलेजच्या मदत अधिकाऱ्याला कागदपत्रं बघून आकडा बदलायचा अधिकार असतो.

आपल्याकडेही असं उदाहरण आहे आणि ते सगळ्यांना पाठ आहे. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. तिथे जगायला काय लागेल याचा विचार त्यात होता. आणि मुदत संपली तेव्हा 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं, हेही तितकंच लक्षात ठेवायला हवं. मदत किती द्यायची याइतकंच ती किती काळ द्यायची हे महत्त्वाचं असतं. पहिल्या वर्षी मदत देऊन दुसऱ्या वर्षी हात काढला, तर मूल नदीच्या मध्यावर उभं राहतं.

आपल्या कॉलेजचा मदतनिधी लहान आहे, माजी विद्यार्थी आणि काही भल्या माणसांच्या देणगीवर चालतो, हे मला माहीत आहे. समितीतले सर-मॅडम मनापासून काम करतात. तरी माझ्या पाच सूचना आहेत.

पहिली, फॉर्ममध्ये वजाबाकीचा रकाना घाला. वर्षाचा खर्च इतका, घरून इतके, दुसरीकडून इतके, कमी पडतात इतके. समजा खर्च 60 हजार आणि जमले 48, तर त्या मुलाला 12 हजार हवेत. त्याला 20 आणि दुसऱ्याला शून्य, असं होऊ नये.

दुसरी, कड्याऐवजी पायऱ्या करा. मर्यादेच्या थोडं वर गेलेल्याला पूर्ण नाही तर अर्धी सवलत द्या.

तिसरी, अधिवासाची अट निदान या निधीला नको. हा पैसा कुठल्याच राज्याचा नाही. उलट ज्यांना दोन्ही राज्यं नाही म्हणतात, त्यांच्यासाठी तर तो सगळ्यात आधी आहे.

चौथी, अर्धं पान मोकळं सोडा. तिथे मुलानं आपल्या शब्दांत लिहावं, मराठीत, इंग्रजीत, हिंदीत, कसंही. बाग गेली, बाबांचा हात मशीनमध्ये आला, ताईचं लग्न झालं. चर्चच्या फादरांचं किंवा सरपंचाचं पत्र जोडायची सक्ती नको. ज्याची ओळख असते त्यालाच पत्र मिळतं.

पाचवी, निर्णय कारणासकट लेखी कळवा आणि फीची तारीख यायच्या आधी कळवा. नावं नोटीस बोर्डावर लावू नका, चेक देतानाचे फोटो काढू नका. मदत उजव्या हातानं करताना डाव्या हाताला कळू नये, हे ख्रिस्ती कॉलेजला मी वेगळं सांगायला नको.

कुणी म्हणेल, मोकळ्या पानावर मुलं खोटं लिहितील. लिहितील काही. पण खोटा दाखला आणणारेही आहेतच, आणि त्यांना आपण शिक्का बघून पैसे देतो. समोर बसवून दहा मिनिटं बोललं तर खरं-खोटं बरंच कळतं. कुणी म्हणेल, गुणांना किंमत राहणार नाही. गुणवत्तेसाठी बक्षिसं आहेत, ती राहू देत. पण बक्षीस आणि मदत एकाच डब्यात घातली की ट्यूशन लावू शकणाऱ्यालाच दोन्ही मिळतात.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे आणि मंजूर झाला तर तो प्राचार्यांकडे देऊ. आपलं साहित्य मंडळ आहे, यात आपला काय संबंध, असं वाटत असेल तर एवढंच सांगते: अर्ज हाही एक मजकूरच आहे. त्यात काय विचारायचं आणि काय सोडायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. माझ्या भावाचं पुढच्या वर्षी ॲडमिशन आहे. त्याच्या हातात येणाऱ्या फॉर्मवर एक ओळ जास्त असावी. तुम्हाला पटत असेल तर बैठकीला या, पटत नसेल तर नक्कीच या.